जुना गोल थर्मोस्टॅट काढून वायरलेस डिजिटल बसवायचाय, आईबाबा यायच्या आत (यूके, कॉम्बी बॉयलर)

नीरज_रेडिंग | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतो इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण खरंच अडलंय.

रेडिंगला १९३० च्या दशकातलं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर) घेतलंय, दोन वर्षं झाली. कॉम्बी बॉयलर (हिटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) किचनच्या कपाटात आहे, त्यावरच ते २४ तासांचं चक्राकार घड्याळ आहे, छोट्या छोट्या खुंट्या दाबून टाइम लावायचं तसलं. आणि थर्मोस्टॅट आहे हॉलमध्ये. हॉल म्हणजे आपला बसायचा हॉल नव्हे, इकडचा, म्हणजे दारातून आत आल्यावरचा अरुंद पॅसेज. गोल डायल फिरवायची, टक्क आवाज आला की हिटिंग सुरू.

प्रॉब्लेम असा की या थर्मोस्टॅटपासून दोन फुटांवर पॅसेजचा रेडिएटर आहे. पॅसेज लहान, लगेच तापतो, की टक्क करून बंद. मागची बसायची खोली बागेकडे उघडते, तिकडे मोठी काच, तिथे साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून पाहिलं तर डायल २० वर असताना खोलीत १६.५. डायल २५ ला नेली तर वरच्या बेडरूम भट्टी होतात. आणि पॅसेजमध्ये पण २० काही स्थिर राहत नाही, १८ पर्यंत खाली जातं मग २२ पर्यंत वर.

२२ तारखेला सांगलीहून आईबाबा येतायत, चार महिन्यांसाठी. बाबा ७१ वर्षांचे, गुडघ्यांचा संधिवात, थंडीत फार त्रास होतो. दिवसभर ते दोघं मागच्या खोलीतच बसणार, आम्ही दोघं ऑफिसला. ती खोली नीट उबदार राहिली पाहिजे एवढंच मला हवंय, गॅसचं बिल वाचलं तर बरंच पण ते नंतर.

वायरलेस डिजिटल घ्यावा असं वाटतंय म्हणजे तो मागच्या खोलीत ठेवता येईल. प्रश्न: स्वतः बसवता येतो का? त्याचा जो रिसीव्हर असतो (थर्मोस्टॅटचा सिग्नल घेऊन बॉयलर चालू-बंद करणारा डबा) तो जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी लावतात की बॉयलरपाशी? आणि जुन्या घराच्या जाड भिंतींतून सिग्नल जातो का?

---

शुभदा_एमके | २ नोव्हेंबर, रात्री ११:२५

नीरज, तुझं निदान बरोबर आहे, थर्मोस्टॅट चुकीच्या जागी आहे आणि तोच खरा रोग आहे. तो बिचारा स्वतःच्या आसपासचीच हवा मोजतो. त्याला काय माहीत मागे कोण कुडकुडतंय.

आमच्याकडे मिल्टन कीन्सला गरम पाण्याचा सिलिंडर आहे त्यामुळे आमचं वायरिंग वेगळं, एअरिंग कपबर्डमध्ये (सिलिंडरच्या कपाटात) वायरिंग सेंटर, दोन मोटराइज्ड व्हॉल्व्ह, एक हिटिंगचा एक पाण्याचा. आम्हाला दोन चॅनेलचा रिसीव्हर घ्यावा लागला. तुझं कॉम्बी आहे म्हणजे एक चॅनेल पुरे, नळ उघडला की पाणी आपोआप तापतं, त्याच्याशी थर्मोस्टॅटचा संबंध नाही. इथे वाचणाऱ्या कोणाकडे सिलिंडर असेल तर घेताना हे बघूनच घ्या, नाहीतर परत करावा लागतो.

जागेचं सांगते. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच, आतली भिंत, बाहेरची नको. ऊन पडेल तिथे नको, टीव्हीच्या वर नको, पडद्यामागे तर नकोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या खोलीत थर्मोस्टॅट ठेवशील तिथल्या रेडिएटरला तो आकडे असलेला व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा ठेव. नाहीतर व्हॉल्व्ह म्हणतो खोली तापली, मी बंद होतो, थर्मोस्टॅट म्हणतो अजून तापली नाही, चालू ठेवा, आणि बॉयलर बाकीच्या घरासाठी उगाच धडधडत बसतो. बाकीच्या खोल्यांत मात्र त्या व्हॉल्व्हनेच कमीजास्त करायचं, वरच्या बेडरूमला २ किंवा ३ वर ठेव. तुझी भट्टी तिथेच शांत होईल.

आणखी एक. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा थंडी वाजली की डायल थेट ३० वर न्यायच्या, गॅसची शेगडी मोठी केल्यासारखी. त्यात त्यांची काही चूक नाही, कोणालाही तसंच वाटणार. थर्मोस्टॅट म्हणजे शेगडीचं बटण नाही, नुसता स्विच आहे, ३० वर नेलं म्हणून २० पर्यंत लवकर पोचत नाही, फक्त २० ला थांबत नाही. हे एकदा नीट समजावून सांगितलं की पुढे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

---

वायरमनकाका | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

भावा, मी कोल्हापूरला आयटीआय केलं, लेस्टरला येऊन सव्वीस वर्षं इलेक्ट्रिशियनचंच काम करतोय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो पण आधी एक गोष्ट.

तुझ्या त्या गोल डायलच्या मागे २३० व्होल्ट आहेत. दिसायला खेळणं दिसतं पण मेन्सच आहे. झाकण उघडायच्या आधी बॉयलरचा फ्यूज्ड स्पर (भिंतीवरचा फ्यूजवाला स्विच) बंद करायचा, त्यातला ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी येऊन चालू करणार नाही. मग दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्यायचा. तो आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग थर्मोस्टॅटच्या वायरींवर, मग परत सॉकेटवर. तिन्ही वेळा. मधे टेस्टरच मेला तर कळायला नको? आपला तो स्क्रूड्रायव्हरवाला निऑन टेस्टर यासाठी वापरू नको.

आता रिसीव्हर कुठे. त्याला स्वतःला चालायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. तुझ्या जुन्या थर्मोस्टॅटला किती वायरी आहेत यावर सगळं ठरणार. फेज, न्यूट्रल आणि बॉयलरकडे परत जाणारी स्विच्ड फेज अशा तिन्ही असतील आणि अर्थिंग असेल, तर रिसीव्हर तिथेच जुन्या जागी बसतो, बॉयलरला हात लावायची गरज नाही. डिजिटल थर्मोस्टॅट बॅटरीवर चालतो, तो तू घेऊन कुठेही ठेव. नुसत्या दोनच वायरी असतील तर न्यूट्रल नाही, मग रिसीव्हर बॉयलरपाशीच.

झाकण उघडून फोटो टाक. फक्त झाकण. काही सोडवू नको.

---

मनी_टोरांटो | ३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मध्येच बोलतेय पण सांगणं गरजेचं वाटलं. नीरज, यूट्यूबवर बघून करणार असशील तर व्हिडिओ कोणत्या देशाचा आहे ते आधी बघ. आमच्याकडे कॅनडा-अमेरिकेत बहुतेक घरांत गरम हवेची फर्नेस असते आणि तिच्या थर्मोस्टॅटला २४ व्होल्ट. आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशा रंगीत बारीक वायरी. लोक व्हिडिओत हाताने वायरी सोडवत असतात, पॉवर बंद केली नाही तरी फारसं काही होत नाही, फ्यूज उडतो फार तर. ते बघून कोणी यूकेत तसंच केलं तर जिवावर बेतेल. आमच्या इथेही भिंतीलगतच्या इलेक्ट्रिक बेसबोर्ड हिटरना २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट असतो, त्याला २४ व्होल्टवाला डिजिटल लावायचा नसतो.

अजून एक, आमच्याकडच्या जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या कुपीत पारा असतो. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल, हेन्री ड्रायफसने डिझाइन केलेला, १९५३ पासून विकला गेला, असंख्य घरांत अजून आहे. तो काढला तर कचऱ्यात टाकायचा नाही, धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचा. तुझ्यात पारा असेलच असं नाही पण उघडलास की बघ.

---

नीरज_रेडिंग | ३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

काका, सांगितलं तसंच केलं. स्पर बंद, फ्यूज खिशात, टेस्टर तिन्ही वेळा. मनीताई, पारा नाही, एक वळलेली पत्र्याची पट्टी आहे आणि तिच्या टोकाला छोटा कॉन्टॅक्ट.

फोटो टाकलाय. दोनच वायरी आहेत, एक लाल एक काळी, आणि एक हिरवी नळी घातलेली तांब्याची. काळी म्हणजे न्यूट्रल ना? मग फेज आणि न्यूट्रल आहे की, रिसीव्हर इथे बसेल का?

---

वायरमनकाका | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

नाही!! थांब तिथेच.

काळी म्हणजे न्यूट्रल असं इथे अजिबात धरायचं नाही. हे म्हणजे लाइटच्या स्विचसारखं आहे, लाल वायरीतून फेज आली, पट्टीतून गेली, काळीतून बॉयलरकडे परत. काळी ही स्विच्ड फेज आहे. वायरिंग करणाऱ्याने तिच्यावर लाल टेप गुंडाळायला हवी होती, गुंडाळलेली नाही, अर्ध्या घरांत नसते. तू लाल आणि काळी रिसीव्हरच्या फेज-न्यूट्रलला जोडल्या असत्यास तर तो चाललाच नसता, किंवा त्याहून वाईट काही झालं असतं. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, वायर कुठून येते कुठे जाते त्यावर ठेवायचा. लाल-काळी म्हणजे जुनं वायरिंग, इकडे २००४ पासून तपकिरी-निळी आली आणि २००६ पासून नव्या कामाला तीच सक्तीची. तीन कोरच्या जुन्या केबलमध्ये लाल, पिवळी, निळी असायची आणि त्यातली निळी न्यूट्रल असेलच असं नाही, आज निळी म्हणजे न्यूट्रल, त्यामुळे तिथेही लोक फसतात.

आता तुझ्या १८-२२ च्या झोक्याचं कारण पण सापडलं बघ. त्या पट्टीत दोन धातू एकमेकांना चिकटवलेले असतात, दोन्ही वेगवेगळं प्रसरण पावतात म्हणून पट्टी वाकते आणि कॉन्टॅक्ट तुटतो. पण ती संथ असते, खोली तापून वर गेली तरी हिला उशिरा कळतं. म्हणून आत एक बारीकसा रेझिस्टर दिलेला असतो, हिटिंग चालू असताना तो पट्टीला किंचित ऊब देतो, पट्टी वेळेआधी वाकते आणि तापमान फार चढत नाही. त्या रेझिस्टरला चालायला न्यूट्रल लागते. तुझ्याकडे न्यूट्रल ओढलेलीच नाही, म्हणजे तो रेझिस्टर इतकी वर्षं नुसता बसून आहे. थर्मोस्टॅट खराब नाही रे, त्याला अर्धं जेवण मिळालंय.

तर रिसीव्हर बॉयलरपाशी. आणि तिथे मी तुला स्वतः कर म्हणणार नाही.

---

नीरज_रेडिंग | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४८

बापरे. काका, मनापासून आभार, मी उद्या तेच करणार होतो.

स्वतः करू नको म्हणजे कायद्याने बंदी आहे का?

---

वायरमनकाका | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मोस्टॅट बदलणं हे इलेक्ट्रिकचं काम, आहे त्याच सर्किटवर, त्याला इंग्लंडमध्ये काउन्सिलला कळवावं लागत नाही. पण गॅसचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्यानेच करायचं हा कायदा आहे. २००९ च्या आधी कॉर्गी होतं, आता गॅस सेफ. काही बॉयलरचे थर्मोस्टॅटचे टर्मिनल खालच्या बाजूला वेगळ्या डब्यात असतात आणि काहींना पुढचं झाकण काढावं लागतं, आणि ते झाकण म्हणजेच बॉयलरच्या ज्वलनाच्या भागाचं सील असू शकतं. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला वास नसतो, रंग नसतो. घरात बाबा दिवसभर बसणार आहेत ना. शंभर-सव्वाशे पाउंडांसाठी ही जोखीम घ्यायची नाही.

माणूस आला की त्याला तीन गोष्टी विचार, म्हणजे त्यालाही कळेल तुला समजतंय.

एक, बॉयलरला थर्मोस्टॅटकडून २३० व्होल्ट परत हवेत की नुसता कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःची वीज न देता फक्त दोन वायरी जोडणारा-तोडणारा. काही बॉयलरचे थर्मोस्टॅटचे टर्मिनल कमी व्होल्टेजचे असतात, तिथे २३० दिले की पीसीबी (बॉयलरचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जळाला, आणि पीसीबीची किंमत ऐकून तुला थंडी वाजेल. वायरलेस रिसीव्हरमध्ये कॉम आणि एनओ असे आतल्या स्विचच्या दोन टोकांचे टर्मिनल स्वतंत्र असतात. २३० हवे असतील तर फेजवरून कॉमला छोटी लिंक मारतात, नको असतील तर ती लिंक मारायचीच नाही.

दोन, रिसीव्हर बॉयलरच्याच फ्यूज्ड स्परवरून घ्यायचा, शेजारच्या सॉकेटवरून नाही. एक स्विच बंद केला की दोन्ही मेले पाहिजेत. नाहीतर पुढे कधी कोणी बॉयलर बंद केला म्हणून निर्धास्त हात घालेल आणि रिसीव्हरच्या बाजूने फेज येत असेल.

तीन, पॅसेजमधल्या जुन्या वायरी बॉयलरच्या टोकालाही सोडवायच्या. नुसतं भिंतीवर प्लेट लावून झाकायचं नाही.

आणि हो, त्या खुंट्यांच्या घड्याळाचं काय करायचं हे लोक विसरतात. नवा डिजिटल स्वतःच टाइम सांभाळतो, तेव्हा बॉयलरवरचं घड्याळ कायम चालू या खुणेवर ठेवायचं. नाहीतर नवा म्हणेल पहाटे ५ ला चालू हो आणि जुनं घड्याळ म्हणेल ७ च्या आधी नाही, आणि तुम्ही नव्याला शिव्या देत बसाल.

---

डेल्टा_टी | ४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

काकांचं सगळं पटलं, त्यात एक भर. घ्यायच्या आधी तुझ्या बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये ओपनथर्म असं लिहिलंय का बघ. साधा थर्मोस्टॅट बॉयलरला फक्त चालू किंवा बंद एवढंच सांगतो. ओपनथर्मवाला दोन वायरींवरून संवाद करतो, म्हणजे किती गरम पाणी हवंय तेही सांगतो, खोली २० च्या जवळ आली की बॉयलर ज्योत बारीक करतो. भात शिजत आला की आपण गॅस बारीक करतो, बंद-चालू बंद-चालू करत बसत नाही, तसंच. ओपनथर्मच्या टर्मिनलवर चुकूनही २३० व्होल्ट जाऊ द्यायचे नाहीत, हे तुझ्या माणसाला माहीत असेलच. पण मॅन्युअल बघच, सगळ्या बॉयलरना हे जमत नाही.

नसलं तरी बिघडत नाही. चांगल्या डिजिटलमध्ये पट्टीच्या जागी थर्मिस्टर (तापमान मोजणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असतो, अर्ध्या डिग्रीचा फरक कळतो, आणि तो तासाला ठरावीक वेळा बॉयलर थोडा थोडा चालवतो, गॅस बॉयलरला साधारण सहा वेळा अशी सेटिंग असते. तुझा झोका त्यानेच जाईल.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. बिल कमी करायचं असेल तर थर्मोस्टॅटपेक्षा बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं जे बटण आहे ते बघ. बहुतेक घरांत ते ७५-८० वर ठेवलेलं असतं. इकडे २००५ पासून नवे बॉयलर कंडेन्सिंगच लावावे लागतात, आणि कंडेन्सिंगचा फायदा तेव्हाच मिळतो जेव्हा रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असतं. त्यावर असलं तर धुरातली वाफ तशीच बाहेर जाते, तिच्यातली उष्णता वाया. कॉम्बी आहे म्हणजे पाण्याचा सिलिंडर तापवायची काळजी नाही, ६० वर आण, कडाक्याची थंडी नसेल तर ५५ करून बघ. खोली तापायला वेळ जास्त लागेल पण ऊब सलग राहील. शुभदाताईंसारखा सिलिंडर असेल तर मात्र सरळ खाली आणू नका, सिलिंडरमधलं पाणी लिजिओनेला जंतू मरावेत म्हणून ६० पर्यंत तापावं लागतं.

फरक मोजताना पाउंडात मोजू नको, दर सारखे बदलतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सरासरी घराच्या गॅस-विजेच्या बिलाची वार्षिक कॅप (सरकारी दरमर्यादा) १,२७७ पाउंड होती आणि एका वर्षात सरकारने मदत देऊनसुद्धा २,५०० झाली, त्यात तू कितीही वाचवलंस तरी बिलात दिसलं नसतं. मीटरचे क्यूबिक मीटर लिहून ठेव, गुणिले साधारण ११.२ म्हणजे किलोवॉट अवर.

---

नाशिकची_आई | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

मी नाशिकहून लिहितेय, माझी मुलगी लीड्सला एमएस करतेय, पाच मुली मिळून भाड्याच्या घरात राहतात. तिथेही असाच डायलवाला थर्मोस्टॅट आहे आणि मुली सांगतात घर १५ च्या वर जातच नाही, एजन्सीला दोन मेल केले, उत्तर नाही. मुलीने हा धागा वाचून विचारलं की आम्हीच वायरलेस आणून लावू का. तुम्ही लोक अनुभवी आहात म्हणून विचारते, आईचा जीव आहे.

---

शुभदा_एमके | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ताई, नाही, मुलींना हात लावू देऊ नका. भाड्याच्या घरात बॉयलर आणि हिटिंग चालू ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. गॅसची वार्षिक तपासणी त्याने गॅस सेफ इंजिनिअरकडून करून घ्यायची असते आणि त्याची प्रत भाडेकरूंना द्यायची असते. ती प्रत मुलींनी लेखी मागावी. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते आजच बघायला सांगा, ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये तो मालकाने लावणं सक्तीचं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ खोलीचं तापमान फोटोसकट लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ म्हणते. उत्तर नाही आलं तर सिटी काउन्सिलच्या हाऊसिंग विभागाकडे आणि युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट युनियनकडे जायचं, दोन्हीकडे फुकट मदत मिळते.

तोपर्यंत एक करून बघा. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय, ती छोट्या किल्लीने काढता येते, पण आधी मालकाला विचारून.

---

स्टुटगार्टवासी | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

जर्मनीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमच्याकडे खोलीचा थर्मोस्टॅट बहुधा नसतोच, बिल्डिंगचा बॉयलर तळघरात, आपल्या हातात फक्त रेडिएटरवरचा आकड्यांचा व्हॉल्व्ह. आम्ही त्याच्या डोक्याच्या जागी बॅटरीवरचं डिजिटल डोकं लावलं. मेन्सशी संबंधच नाही, हाताने फिरवून निघतं, बहुतेकांचा आटा एम ३० × १.५ असतो. जुनं डोकं कपाटात जपून ठेवलंय, घर सोडताना परत लावायचं. यूकेतल्या भाडेकरूंनी मालकाला विचारून हे करता येईल असं वाटतं, पण बॉयलरच कमी चालत असेल तर याचा उपयोग नाही.

---

नीरज_रेडिंग | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अपडेट. काल काम झालं. गॅस सेफ इंजिनिअर आला, कार्ड दाखवलं, मी वेबसाइटवर नंबर तपासला. दीड तास लागला. बॉयलर २३० वाला निघाला, कॉमला लिंक मारली. ओपनथर्म माझ्या मॉडेलला नाही. रिसीव्हर त्याच स्परवर. घड्याळ कायम चालूवर. पाणी ६० वर आणलं. काका, तुमचे तिन्ही प्रश्न विचारले तेव्हा तो म्हणाला की हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

पण आज एक अडचण आलीय. थर्मोस्टॅट मागच्या खोलीत ठेवला की दिवसातून दोन-तीनदा सिग्नल गेल्याची खूण येते आणि रिसीव्हरवर लाल दिवा. मग हिटिंग बंद. जोडणी परत केली, बॅटरी नव्या आहेत. परत त्याला बोलावू का?

---

वायरमनकाका | १५ नोव्हेंबर, रात्री १०:३५

रिसीव्हर नेमका कुठे लावलाय, फोटो टाक. बॉयलरच्या मागे किंवा फ्रिजच्या बाजूला असेल तर पत्रा आडवा येतो. ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात हे, विटांच्या भिंतीतून जातात पण पत्रा, मोठा आरसा, चंदेरी फॉइलवालं इन्सुलेशन यातून जात नाहीत.

---

नीरज_रेडिंग | १७ नोव्हेंबर, रात्री ८:००

काका, अगदी तसंच. रिसीव्हर कपाटाच्या आत बॉयलरला जवळजवळ चिकटून होता आणि मधल्या भिंतीला पलीकडून फ्रिज. इंजिनिअर परत आला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत, रिसीव्हर कपाटाबाहेर भिंतीवर आणला, बॉयलरपासून हातभर लांब. दोन दिवस लाल दिवा नाही. मागच्या खोलीत १९.५ ते २०, दिवसभर. वरचे व्हॉल्व्ह २ वर. पॅसेज १८, तिथे कोण बसतंय.

पॅसेजच्या जुन्या जागी पांढरी ब्लँकिंग प्लेट लावली, मागच्या वायरी बॉयलरकडूनही सोडवल्यात, टेस्टर लावून बघितलं.

---

शुभदा_एमके | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

छान झालं! आता आईबाबा यायच्या आधी दोन गोष्टी. रात्रीसाठी फार खाली सेट करू नकोस, १७ ठेव. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी दिवसा हिटिंग बंद ठेवण्यात पैसे वाचतात, पण म्हातारी माणसं दिवसभर घरात असतात, त्यांना सकाळी गार खोलीत उठवायचं आणि मग तापवायचं हे नको. दुसरं म्हणजे ओल. आपला स्वयंपाक, कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, सगळी वाफ गार भिंतीवर जाऊन बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. किचनचा एक्झॉस्ट कुकर लावायच्या आधीच सुरू करायला सांग आणि कपडे एकाच खोलीत दार लावून, खिडकी किंचित उघडून.

आणि रिसीव्हरवरचं हाताने चालू करायचं बटण दोघांना दाखवून ठेव. सिग्नल गेला किंवा बॅटरी संपली तर तुला ऑफिसात फोन करत बसण्यापेक्षा ते दाबतील.

---

नीरज_रेडिंग | २ डिसेंबर, रात्री ११:००

आईबाबा येऊन दहा दिवस झाले. बाहेर परवा उणे ३ होतं. मागच्या खोलीत २१ केलंय, बाबांसाठी. सकाळी गुडघे धरत नाहीत म्हणतात आणि दुपारी बागेकडे तोंड करून पेपर वाचत बसतात. मला हेच हवं होतं, बाकी सगळं त्याच्यापुढे काही नाही. रात्री थर्मोस्टॅट ते झोपायला जाताना सोबत त्यांच्या बेडरूममध्ये नेतात, तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवलाय. वायरलेसचा खरा उपयोग हा, असं मला आता वाटतं.

गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी सात वाजता हिटिंग आपोआप बंद व्हायचं आणि आठपर्यंत सगळे शाली घेऊन बसायचे. टाइमिंग तपासलं, बॅटरी तपासल्या, लाल दिवा नव्हता, स्क्रीनवर २३ दाखवत होता आणि माझ्या दुसऱ्या थर्मामीटरवर १८. काकांना मेसेज करणारच होतो. मग परवा लवकर घरी आलो तेव्हा दिसलं. आईने मागच्या खोलीतल्या शेल्फवर देव मांडलेत, थर्मोस्टॅटही नीट दिसावा म्हणून तिथेच ठेवलेला, आणि सातला दिवेलागणीला समई लावली की ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

---

वायरमनकाका | ३ डिसेंबर, सकाळी ६:४५

त्याला वाटलं खोली तापली. समई हलवू नको, थर्मोस्टॅट हलव.

---

नीरज_रेडिंग | ३ डिसेंबर, रात्री ८:३०

हलवला काका. समोरच्या भिंतीवर, पुस्तकांच्या मांडणीला लागून, दीड मीटर उंचीवर, आईच्या डोळ्यांच्या बरोबर समोर येतो. आत्ता समई चालू आहे, स्क्रीनवर २०.५, थर्मामीटरवर २०.५, आणि बॉयलर चालू आहे.